नागरी सेवा परीक्षा : तयारी आणि तारतम्य

भारतासारख्या खंडप्राय देशाचा कारभार केवळ कायदे संमत करून चालत नाही. दुष्काळात पाण्याचे टँकर कोणत्या गावी आधी पाठवावयाचे, मतदान केंद्रे कोठे उभारावयाची, पूर आल्यावर कोणती वस्ती प्रथम हलवावयाची, असे असंख्य निर्णय प्रशासनाला दररोज घ्यावे लागतात. या प्रशासनातील वरच्या पदांसाठी अधिकारी निवडणारी परीक्षा म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा होय. भारतीय प्रशासकीय सेवा, भारतीय पोलीस सेवा, भारतीय परराष्ट्र सेवा, भारतीय महसूल सेवा अशा अनेक सेवांमधील नेमणुका याच परीक्षेतून होतात.

या परीक्षेविषयी समाजात दोन टोकांचे समज आढळतात. ही परीक्षा केवळ अलौकिक बुद्धीच्या, शहरात वाढलेल्या आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी आहे, हा एक समज. दिवसाचे अठरा तास अभ्यास केला की ती कोणालाही हमखास साधते, हा दुसरा. पहिला समज माणसाला प्रयत्नापूर्वीच माघार घ्यावयास लावतो, तर दुसरा त्याची उमेदीची वर्षे गिळून टाकतो. ज्यांचे शिक्षण परिस्थितीमुळे मध्येच थांबले आणि ज्यांनी ते पुन्हा जिद्दीने सुरू केले, अशा विद्यार्थ्यांनी तर या दोहोंपासून सावध राहिले पाहिजे. त्यासाठी परीक्षेचे खरे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

परीक्षेची पूर्वपीठिका

वशिल्याऐवजी खुल्या स्पर्धेतून अधिकारी निवडण्याची पद्धत भारताच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली. लंडन येथे १८५५ पासून इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी स्पर्धा परीक्षा होऊ लागली. परीक्षा खुली म्हटली जात असली, तरी ती समुद्रापलीकडे होत असल्याने सामान्य भारतीयाला तिचे दार बंदच होते. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे या परीक्षेत यशस्वी होणारे पहिले भारतीय ठरले. रवींद्रनाथांचे हे थोरले बंधू पुढे मुंबई इलाख्यात अधिकारी होते. ही परीक्षा इंग्लंडबरोबरच भारतातही घ्यावी, अशी मागणी दादाभाई नौरोजी आणि अन्य नेत्यांनी सातत्याने केली. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १८९३ मध्ये तसा ठरावही केला. परंतु भारतात ही परीक्षा सुरू होण्यास १९२२ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी, १९१८ मध्ये, रायगड जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी लंडनच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला होता. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतात लोकसेवा आयोगाची स्थापना झाली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आल्यावर त्यास केंद्रीय लोकसेवा आयोग म्हणून घटनात्मक स्थान लाभले. घटनेतील ३१५ ते ३२३ ही कलमे केंद्र व राज्य लोकसेवा आयोगांविषयीची आहेत. निवडीचे काम सरकारच्या दैनंदिन हस्तक्षेपापासून दूर ठेवणे, हा त्यांमागील हेतू आहे. जे दार एके काळी समुद्रापलीकडे होते, ते आज देशातील प्रत्येक पात्र नागरिकासाठी उघडे आहे, ही या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट होय.

परीक्षेचे तीन टप्पे

सध्याची परीक्षा पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते.

पूर्व परीक्षेत प्रत्येकी २०० गुणांच्या दोन बहुपर्यायी प्रश्नपत्रिका असतात. पहिल्या प्रश्नपत्रिकेत इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान आणि चालू घडामोडी यांवर १०० प्रश्न असतात. दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत आकलन, तर्क आणि अंकगणित यांवर ८० प्रश्न असतात. तीत किमान ३३ टक्के गुण मिळविणे पुरेसे असते. मुख्य परीक्षेस कोण पात्र, हे पहिल्या प्रश्नपत्रिकेतील गुणांवर ठरते. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. ही केवळ चाळणी आहे.

या चाळणीतील विशेष बाब म्हणजे चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात. पहिल्या प्रश्नपत्रिकेत बरोबर उत्तरास २ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे त्याचा एक तृतीयांश भाग कापला जातो. म्हणजेच तीन चुका एका बरोबर उत्तराचे गुण खाऊन टाकतात. एका उमेदवाराने ९० प्रश्न सोडविले आणि त्यांतील ६० बरोबर, ३० चूक ठरले, तर त्याला १०० गुण मिळतात. दुसऱ्याने ७५ प्रश्न सोडवून ५८ बरोबर आणि १७ चूक केले, तर त्याला १०४ हून अधिक गुण मिळतात. बरोबर उत्तरे कमी असूनही दुसरा पुढे जातो. काय येते यासोबत काय येत नाही, हेही ओळखता आले पाहिजे, असा या पद्धतीचा अर्थ आहे.

मुख्य परीक्षा लेखी आणि वर्णनात्मक असते. तीत नऊ प्रश्नपत्रिका असतात. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी यांच्या प्रत्येकी ३०० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेसाठी असून प्रत्येकीत २५ टक्के गुण आवश्यक असतात. उरलेल्या सात प्रश्नपत्रिका प्रत्येकी २५० गुणांच्या असतात : निबंधाची एक, सामान्य अध्ययनाच्या चार आणि वैकल्पिक विषयाच्या दोन. हे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५ गुण मिळून २०२५ गुणांपैकी अंतिम यादी तयार होते. सामान्य अध्ययनाची चौथी प्रश्नपत्रिका नीतिशास्त्र व सचोटी यांवर असते. कायदा, लोकहित आणि स्वतःची सोय यांत संघर्ष झाला तर अधिकाऱ्याने काय करावे, अशा प्रसंगांवर तीत प्रश्न विचारले जातात.

ही रचना वेळोवेळी बदलत आली आहे. पूर्व परीक्षेची पद्धत १९७९ मध्ये आली. निबंधाची प्रश्नपत्रिका १९९३ मध्ये आली. मुख्य परीक्षेचे सध्याचे रूप २०१३ पासूनचे आहे. म्हणून जुन्या बाजारातून स्वस्तात घेतलेल्या मार्गदर्शक पुस्तकावर विसंबण्यापूर्वी त्याचे प्रकाशन वर्ष अवश्य पाहावे, आणि आयोगाने त्या वर्षी प्रसिद्ध केलेली अधिसूचना हाच अखेरचा आधार मानावा.

पात्रता आणि वयाचे गणित

या परीक्षेसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आवश्यक असते. पदवी कोणत्या शाखेची, किती टक्क्यांची, नियमित महाविद्यालयाची की मुक्त विद्यापीठाची, याने पात्रतेत फरक पडत नाही. मुक्त विद्यालयातून माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून किंवा नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेऊन या परीक्षेस बसू शकतो. पदवीच्या अंतिम परीक्षेचा निकाल यावयाचा असला, तरी पूर्व परीक्षा देता येते.

उमेदवाराचे वय परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्ट रोजी २१ वर्षे पूर्ण झालेले आणि ३२ वर्षे पूर्ण न झालेले असावे लागते. सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवारास सहा वेळा संधी मिळते. इतर मागासवर्गीयांस वयात तीन वर्षांची सवलत व नऊ संधी आहेत. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांस पाच वर्षांची सवलत असून त्या वयोमर्यादेत संधींची संख्या मर्यादित नाही. दिव्यांग उमेदवारांसाठीही स्वतंत्र सवलती आहेत. नुसता अर्ज केल्याने संधी खर्ची पडत नाही. मात्र पूर्व परीक्षेची एक जरी प्रश्नपत्रिका दिली, तरी ती संधी मोजली जाते. अर्जाचे शुल्क १०० रुपये असून महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ आहे.

ज्यांनी उशिरा शिक्षण सुरू केले, त्यांनी हे गणित कागदावर मांडून पाहावे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने २४ व्या वर्षी माध्यमिक आणि २६ व्या वर्षी उच्च माध्यमिक परीक्षा दिली, तर पदवी हाती येईपर्यंत तो २९ वर्षांचा होतो. सर्वसाधारण प्रवर्गात त्याच्यापुढे सहा नव्हे, तर दोन किंवा तीनच संधी उरतात. याचा अर्थ त्याने स्वप्न सोडून द्यावे असा नाही. पदवी मिळेपर्यंत तयारीसाठी थांबणे मात्र त्याला परवडणारे नाही. त्याची तयारी बारावीच्या पुस्तकांपासूनच सुरू व्हावयास हवी. ज्यांचे वय ही मर्यादा ओलांडून गेले आहे, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. राज्य लोकसेवा आयोगांच्या परीक्षांचे नियम वेगळे असतात. महाराष्ट्रात बहुतेक पदांसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षे आहे.

अभ्यासाचा पाया

या परीक्षेचा अभ्यासक्रम विस्तीर्ण दिसतो. परंतु त्याचा पाया शालेय पाठ्यपुस्तकांतच असतो. मोसमी वारे कसे वाहतात, महागाई का वाढते, १८५७ चा उठाव कोणत्या कारणांनी झाला, राज्यपालांचे अधिकार कोणते, हे सारे विषय माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर येऊन गेलेले असतात. म्हणून सहावी ते बारावीची इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि विज्ञान यांची पुस्तके समजून वाचणे, ही पहिली पायरी होय. जो विद्यार्थी ही पायरी गाळून थेट जाडजूड संदर्भग्रंथांकडे वळतो, त्याला शब्द पाठ होतात, पण संकल्पना उमगत नाहीत. मुक्त विद्यालयाचा विद्यार्थी हीच पुस्तके प्रौढ वयात, स्वतःच्या इच्छेने वाचतो, हा त्याचा लाभच होय. शेतमालाच्या हमीभावाविषयीचा धडा शेतात राबलेल्या माणसाला जितका लवकर कळतो, तितका तो इतरांना कळेलच असे नाही.

पाया पक्का झाल्यावर राज्यघटनेचे वाचन, दररोज एखादे विश्वसनीय वृत्तपत्र, केंद्रीय अर्थसंकल्प आणि आर्थिक पाहणी यांचा परिचय, ही पुढची पायरी ठरते. ‘योजना’ हे केंद्र सरकारचे मासिक मराठीतही प्रसिद्ध होते. मराठी विश्वकोशातील नोंदी संगणकावर किंवा मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. वृत्तपत्र वाचताना राजकीय आरोप-प्रत्यारोपांत न गुंतता बातमीमागील प्रश्न शोधावा. एखाद्या धरणाची बातमी आली, तर ती नदी कोठून वाहते, पाणीवाटपाचा वाद कोणत्या राज्यांत आहे आणि असे वाद सोडविण्याची घटनेतील तरतूद कोणती, हे तपासावे. अशा रीतीने एका बातमीतून भूगोल, राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था या तिन्ही विषयांचा अभ्यास होतो.

पुस्तके पुष्कळ जमवू नयेत. एका विषयासाठी एकच पुस्तक निवडून त्याची चार वेळा उजळणी करणे, हे चार पुस्तके एकेकदा चाळण्यापेक्षा अधिक हिताचे असते. आयोगाच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. अभ्यासाच्या आरंभीच त्या वाचून काढल्यास कोणता भाग महत्त्वाचा आणि कोणता गौण, याचा अंदाज येतो.

भाषेचा प्रश्न

मराठी भाषक विद्यार्थ्याच्या मनातील मोठा अडसर इंग्रजीचा असतो. वस्तुस्थिती अशी आहे की मुख्य परीक्षेची उत्तरे घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, लिहिता येतात. मुख्य परीक्षेचे माध्यम मराठी असल्यास मुलाखतही मराठीतून देता येते. मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय म्हणून निवडता येतो. हा पर्याय महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही; इंदूर, वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी विद्यार्थीही तो स्वीकारू शकतो.

परंतु या मार्गावरील अडचणीही ध्यानात घ्याव्यात. पूर्व परीक्षेच्या आणि मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत छापलेल्या असतात. प्रश्नच नीट समजला नाही, तर मराठीतील उत्तम उत्तरही वाया जाते. शिवाय इंग्रजीची पात्रता प्रश्नपत्रिका चुकविता येत नाही. तीत आवश्यक गुण न मिळाल्यास उमेदवाराच्या अन्य उत्तरपत्रिका विचारात घेतल्या जात नाहीत. तिचा स्तर शालान्त परीक्षेइतकाच असतो. म्हणून इंग्रजी न टाळता रोज अर्धा तास एक उतारा वाचावा, त्याचा मराठीत सारांश लिहावा आणि पारिभाषिक शब्दांची एक वही ठेवावी. ‘फिस्कल डेफिसिट’ म्हणजे राजकोषीय तूट, ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’ म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन, अशा जोड्या वर्षभर लिहीत गेल्यास प्रश्नपत्रिका परकी वाटत नाही. मराठीच्या पात्रता प्रश्नपत्रिकेतही निबंध, आकलन, सारांश, भाषांतर आणि व्याकरण असते. मातृभाषा आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

उत्तरलेखनाचा सराव

सामान्य अध्ययनाच्या एका प्रश्नपत्रिकेत साधारणतः तीन तासांत २० प्रश्नांची उत्तरे लिहावयाची असतात; त्यांतील काही सुमारे १५० शब्दांची, तर काही २५० शब्दांची असतात. म्हणजे एका उत्तरास सरासरी नऊ मिनिटे मिळतात. एवढ्या अवधीत प्रश्न वाचणे, विचार करणे आणि सुवाच्य लिहिणे ही कला केवळ वाचनाने साध्य होत नाही.

उदाहरणार्थ, ‘पंचायतराज व्यवस्थेमुळे स्त्रियांचे सबलीकरण झाले आहे काय? मूल्यमापन करा’, असा प्रश्न घेऊ. येथे ‘मूल्यमापन करा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसती माहिती नव्हे, तर दोन्ही बाजू तोलून काढलेला निष्कर्ष येथे अपेक्षित आहे. आरंभी १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती आणि स्त्रियांसाठी राखलेल्या किमान एक तृतीयांश जागा यांचा उल्लेख करावा. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी हे प्रमाण निम्म्यावर नेले, हे सांगावे. त्यानंतर पाणी, शाळा, आरोग्य अशा प्रश्नांकडे स्त्री सदस्यांनी वेधलेले लक्ष आणि सभेत बोलण्याचा वाढलेला आत्मविश्वास मांडावा. दुसऱ्या बाजूस, काही ठिकाणी सरपंचपदी पत्नी असली तरी कारभार पतीच पाहतो, पंचायतींकडे निधी अपुरा असतो, या मर्यादा नोंदवाव्यात. अखेरीस प्रशिक्षण आणि आर्थिक अधिकार यांवर भर देणारा समतोल निष्कर्ष लिहावा. ज्या विद्यार्थिनीने स्वतःच्या गावची ग्रामसभा पाहिली आहे, तिचे उत्तर पाठांतरावर विसंबलेल्या उत्तराहून निश्चितच अधिक जिवंत होते.

रोज किमान एक उत्तर घड्याळ लावून लिहावे. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासावे, आणि शक्य झाल्यास एखाद्या शिक्षकास किंवा सहाध्यायास वाचावयास द्यावे. दोष दाखविणारा सहाध्यायी हा स्तुती करणाऱ्या दहा मित्रांहून मोलाचा असतो.

वेळ आणि साधने

नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्याला दिवसाचे दहा तास मिळणे शक्य नसते. तथापि, रोजचे नियमित तीन तास वर्षभरात एक हजार तासांहून अधिक होतात. पहाटेचा शांत तास कठीण विषयास, प्रवासाचा वेळ उजळणीस आणि रात्रीचा वेळ लेखनास, अशी वाटणी करता येते. आठवड्यातील एक दिवस फक्त मागील अभ्यासाच्या उजळणीसाठी राखून ठेवावा. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा दिल्लीत जाऊन महागडा वर्ग लावल्याखेरीज यश मिळत नाही, असे नाही. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था, पुण्याची बार्टी यांसारख्या शासकीय संस्था प्रवेश परीक्षा घेऊन पात्र विद्यार्थ्यांना साहाय्य करतात. कर्ज काढून महानगरात राहण्यापूर्वी अशा योजनांची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

यशापयशाचे तारतम्य

२०२४ च्या परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. ५,८३,२१३ जण पूर्व परीक्षेस बसले. १४,६२७ जण मुख्य परीक्षेस पात्र ठरले. २,८४५ जणांची मुलाखतीसाठी निवड झाली आणि अखेर १,००९ जणांची नेमणुकीसाठी शिफारस झाली. हे आकडे दोन गोष्टी सांगतात. अर्ज करणाऱ्यांपैकी चार लाखांहून अधिक जण परीक्षेस आलेच नाहीत. तेव्हा अर्ज म्हणजे निर्धार नव्हे. दुसरे असे की प्रामाणिक अभ्यास करणाऱ्यांतीलही बहुसंख्य उमेदवार यादीबाहेर राहतात. जागाच थोड्या असल्यामुळे हे अपरिहार्य आहे. यादीत नाव नसणे म्हणजे माणूस नालायक ठरणे नव्हे.

म्हणून तयारीच्या पहिल्याच दिवशी दोन निर्णय घ्यावेत. आपण किती वर्षे आणि किती प्रयत्न देणार, याची मर्यादा कुटुंबीयांशी बोलून ठरवावी. आणि त्याच अभ्यासावर देता येतील अशा अन्य परीक्षांची यादी करावी. कर्मचारी निवड आयोगाच्या काही परीक्षा दहावी किंवा बारावी उत्तीर्णांसाठी असतात. राज्य लोकसेवा आयोग, बँका आणि रेल्वे यांच्याही परीक्षा असतात. एखादी लहान नोकरी पत्करून मोठ्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवणे यात कमीपणा नाही. पायाखाली जमीन असलेला उमेदवार परीक्षागृहात अधिक शांत असतो.

या अभ्यासाचे आणखीही एक फलित आहे, आणि ते कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. ज्याने राज्यघटना समजून घेतली, तो तलाठ्याच्या कार्यालयात हात जोडून नव्हे, तर हक्काने उभा राहतो. जिने अर्थसंकल्प वाचावयास शिकून घेतले, ती बचत गटाचा हिशेब आत्मविश्वासाने तपासते आणि ग्रामसभेत प्रश्न विचारते. अधिकारी थोडेच होतात. जाणता नागरिक मात्र प्रत्येकाला होता येते. नागरी सेवेची तयारी या दोन्ही दृष्टींनी केली, तर त्या वाटेवर घालविलेली वर्षे वाया जात नाहीत.